सुट्टीचा वार

ती चप्पल मला आजही आठवते. गुलाबी, रबरी, पट्ट्यावर प्लॅस्टिकचा पिवळा मासा, आणि माझ्या पंजाएवढीसुद्धा नसलेली. नोकरीत कोयते, गावठी कट्टे, चोरीच्या दुचाक्या असा भरपूर मुद्देमाल हाताळला. ही चप्पल कधी जप्त झाली नाही, पंचनाम्यात तिचा उल्लेख नाही. तरी निवृत्तीनंतर कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की आधी तीच डोळ्यांसमोर येते.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्यात प्रभारी निरीक्षक म्हणून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. त्याआधीची सारी नोकरी तालुक्याच्या गावांत गेलेली. कोर्ट, कचेरी, बँक, शाळा यांच्या शेजारी माझा आठवडा सरायचा. इथे ठाण्यासमोरून चोवीस तास ट्रेलर आणि कंपनीच्या बसगाड्या धावायच्या, आणि रस्त्यावर कधीही बघा, अर्धे लोक कामावर निघालेले आणि अर्धे कामावरून परतणारे. मला हा भाग अजून कळला नव्हता. पण इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपल्याला काही कळलेलं नाही, हे सहसा पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

हद्दीत, तळेगावच्या रस्त्याला, एक खासगी सागरी मत्स्यालय नुकतंच सुरू झालं होतं. मोठी पत्र्याची शेड, आत काचेचा बोगदा, डोक्यावरून पोहणारे मासे. बोगद्यातून बाहेर पडलं की कमरेएवढ्या उंचीची एक उघडी टाकी होती. मुलांनी कडेला उभं राहून समुद्रातले मासे जवळून बघायचे, अशी ती सोय. मे महिना होता. कोकणात उतरून समुद्र दाखवायचा तर दोन दिवस मोडतात, इथे सहा आसनी रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येई. त्यामुळे कामगारांची कुटुंबं डबे, चटया घेऊन लोटायची.

एका सोमवारी सकाळी तिथला व्यवस्थापक ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. उघड्या टाकीतले सगळेच्या सगळे मासे मेले होते.

"साहेब, पाण्यात कुणीतरी काहीतरी टाकलंय," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी एका कामगाराशी आमचं भांडण झालं. त्यानं टाकीत हात घातला होता. वर मासे मरू द्यात, असंही बोलला. गार्डनं त्याचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घेतलाय." त्याने चिठ्ठी पुढे सरकवली.

फिर्याद लिहिणारा हवालदार तारखेपाशी थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लिही की," मी म्हणालो. "काल, रविवारी."

फिर्याद वाचून पाहून व्यवस्थापकाने खाली सही केली.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी दुपारी पाणी तपासलं. पाण्यात क्लोरीन फार आहे, मासे त्यानेच गेले असावेत, असं त्यांचं प्राथमिक मत पडलं. मंगळवारी सकाळी आमची जीप चिठ्ठीवरच्या माणसाच्या दारात उभी राहिली. एका गावठाणात ओळीने बांधलेल्या भाड्याच्या खोल्या होत्या. चाळीतली सगळी दारं उघडली, आणि पाच-सहा वर्षांची एक मुलगी आईच्या साडीआडून आपल्या बापाला जीपमध्ये बसताना पाहत होती. हे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. नंतर मात्र मनात अनेकदा पाहिलं.

माणूस तिशीचा, परभणीकडचा, शांत. खुर्चीच्या टोकावर टेकून बसला.

"सुट्टीच्या दिवशी मत्स्यालयात गेला होतास?"

"व्हय साहेब. बायको, लेकरू, सगळेच गेलतो."

"टाकीत हात घातलास?"

"घातला. लेकराची चप्पल पडली पाण्यात. ती रडायली, म्हणून बाही वर करून काढली."

"आणि भांडण?"

"गार्ड वरडला साहेब. लेकराच्या तोंडावर म्हणला, चपलेच्या घाणीनं मासे मरत असतेत, कळतं का? मग माझंबी डोकं फिरलं. मी म्हणलो, चपलेनं मरणारे मासे असतील तर मरू द्या."

"काम कुठे करतोस?"

"कंपनीत. पेंट शॉपला."

"म्हणजे केमिकल हाताळतोस?"

"रोजच की."

वहीत मी तीन ओळी लिहिल्या: जागेवर हजर, भांडण कबूल, रसायन हाताशी. तासाभरात केस उभी राहिली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. मासे मी मारले नाहीत, एवढं तो सांगत होता, पण तेही खाली मान घालून आणि दबक्या आवाजात. निर्दोष माणूस असा बोलत नाही, असं मी हवालदाराला शिकवलंसुद्धा. तिकीट खिडकीवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज पेन ड्राइव्हवर आणून ठेवलं होतं. पण माणूस स्वतःच हो म्हणतोय म्हटल्यावर दिवसभराचं फुटेज कोण बघत बसतं? मी तरी बसलो नाही.

संध्याकाळी नोटीस देऊन त्याला सोडताना तो दारात घुटमळला.

"साहेब, माझा पडताळणीचा अर्ज तुमच्याकडंच असंल."

तो होता. माझ्याच टेबलावर. सहा वर्षं टेंपररी काढल्यावर कंपनीने पर्मनंट करायच्या यादीत त्याचं नाव घेतलं होतं. त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, आणि महिनाअखेर यादी बंद होणार होती. नाव यादीत आलं त्याच आनंदात तो लेकीला मासे दाखवायला घेऊन गेला होता. त्याच्या अर्जावर मी दुपारीच पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती: 'गुन्ह्यात संशयित.' चौकशीसाठी आमच्या लोकांनी कंपनीत फोन केल्यावर कंपनीने त्याचा गेटपासही थांबवला होता. ज्या दाखल्यासाठी तो माझ्याकडे बघत होता तो अडवणाराही मीच होतो.

बुधवारी त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी बायको आणि मुलगी बरोबर आली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि पोरगी अनवाणी. आमच्याकडे एक महिला शिपाई होती, तिथल्याच जुन्या गावकऱ्यांच्या घरातली, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. तिने पोरीला उचलून बाकावर बसवलं.

"आगं बाय, पाय भाजत न्हाईत व्हय? चपला कुठं हायेत?"

"घालीनाच झाली," आई म्हणाली. "कालपासून लपवून ठेवल्यात. विचारलं तर बोलत नाही."

मी कागदांत गुंतलो होतो. कानावर पडलं, तेवढंच. त्याच महिला शिपाईला मी हाक मारून सांगितलं, "उद्या याच्या कंपनीत जा. सुपरवायझरला भेटून याची वागणूक कशी आहे, त्याचा जबाब घेऊन ये."

"उद्या?" ती म्हणाली. "उद्या कोण घावनार साहेब? उद्या सुट्टी हाय की."

"कसली सुट्टी?"

"आता गुरुवार न्हाई का उद्या? आमच्या घरचं मानूसबी कंपनीतच हाय. हितं सुट्टी म्हंजी गुरुवारच. आमी तर लगीनकार्याची बोलणीबी गुरुवारीच करतो."

माझा पेन कागदावरच थांबला. या पट्ट्यात कारखान्यांची वीज बंद ठेवायचा वार, म्हणजे विजेची सुट्टी, पूर्वीपासून गुरुवारी असते, आणि अनेक कंपन्यांचा आठवडा त्यावरच चालतो. हे इथल्या चहावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाण्याच्या प्रमुखाला नव्हतं.

मी बाकापाशी गेलो. "तू मत्स्यालयात कोणत्या वारी गेलास?"

"सुट्टीला, साहेब. बेस्तरवारी."

"गुरुवारी? मग रविवारी कुठे होतास?"

"ड्युटीवर. सेकंड शिफ्ट होती, पण सकाळी माणूस कमी होता म्हणून डबल मारली. सकाळी सातला आत गेलो ते रात्री अकराला बाहेर."

"अरे, मग हे काल का नाही सांगितलंस?"

"रविवारचं तुम्ही विचारलंच नाही साहेब." त्याने आपले तळहात उलटेसुलटे पाहिले. "अन् खरं सांगू का, मला वाटलं, माझ्या हाताला पेंट शॉपचं काही लागलं असंल. त्यानं हळूहळू मेले असतील बिचारे."

त्या दबक्या आवाजाचा अर्थ असा होता. मी अपराध शोधत होतो, आणि तो बिचारा आपल्या हातांचा वास आठवत होता. मला स्वतःची शरम वाटली. ती वाटली तशीच इथे लिहितो.

कंपनीच्या गेटवरची पंचिंगची नोंद त्याच संध्याकाळी मागवली. त्याने सांगितलेल्या वेळा मिनिटांच्या फरकाने जुळल्या. मग दोन शिपाई फुटेजसमोर बसवले आणि या वेळी मीही बसलो. रविवारी तो माणूस कुठेच नव्हता. पण दुपारी पाण्याचा एक टँकर तिकीट खिडकीसमोरून मागे वळत शेडच्या पाठीमागे गेलेला स्पष्ट दिसला. फिर्यादीत या टँकरचा उल्लेख नव्हता.

गुरुवारी अकराला मी मत्स्यालयात पोचलो. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. धुतलेले शर्ट घातलेले बाप, कडेवर पोरं, पिशव्यांत डबे. एक आजोबा काचेला नाक लावून आपल्या नातवाच्या आधी ओरडत होते, "आला, आला, मोठा आला!" व्यवस्थापक लगबगीने पुढे आला.

"या साहेब. जरा गर्दी आहे. सुट्टीचा दिवस ना."

"आज कोणता वार?"

"गुरु..." तो मध्येच थांबला. हुशार माणूस गोत्यात आला की त्याची नजर आधी दाराकडे जाते. याचीही गेली. मग त्याने दुसरी वाट धरली. "साहेब, मी सुट्टीच म्हणालो होतो. रविवार तुम्ही लिहून घेतलात."

खोटं नव्हतं. राग येऊनही मला त्याला खोडता येईना.

"बरोबर," मी म्हणालो. "माझी चूक मी बघतो. आता टँकरचं बोला."

टँकरवाल्याला आम्ही आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याने सांगितलं, रविवारी सकाळी टँकर ब्लीचिंग पावडर टाकून धुतला होता, आणि हे पाणी लगेच वापरू नका, असं व्यवस्थापकाला बजावलं होतं. पण रविवारी टाकीचं पाणी गढूळ झालं होतं, आणि गुरुवारच्या गर्दीपर्यंत सगळं चकाचक हवं होतं. व्यवस्थापकाने पावडरीतला क्लोरीन उडून जायला वेळ न देता, मीठ कालवून, तसंच टाकीत सोडलं. सोमवारी सकाळी मासे उलटे तरंगताना पाहून त्याला मालकाची भीती वाटली, आणि खिशातली भांडणाची चिठ्ठी आठवली. समोरासमोर बसवल्यावर अर्ध्या तासात त्याने सगळं सांगितलं. खोट्या फिर्यादीची कारवाई पुढे रीतसर झाली, ती इथे लांबवत नाही.

ठाण्यात परत येऊन मी अर्जावरची पिवळी चिठ्ठी काढली आणि दाखल्यावर सही केली. दाखला शिपायाबरोबर पाठवता आला असता. पण जीप ज्या दारातून माणूस उचलते, त्याच दारात त्याचं नाव धुऊन द्यावं, असं माझं मत आहे. चाळीने मंगळवारी जे पाहिलं होतं त्यावर कागद पाठवून काही उपयोग नव्हता. म्हणून महिला शिपाईला घेऊन स्वतः गेलो. तीच जीप, तेच दार. सगळी दारं पुन्हा उघडली.

"तुमचा दाखला," मी मोठ्याने म्हणालो. "तुमच्यावर काही नाही. कंपनीच्या साहेबांशीही मी फोनवर बोललोय, उद्यापासून गेटपास चालू."

मी त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होतो. त्याने दाखला दोन्ही हातांत घेतला, बायकोने डोळ्यांना पदर लावला. पोरगी मात्र खाटेच्या कोपऱ्याला चिकटून माझ्या बुटांकडे पाहत होती. पाय उघडेच.

महिला शिपाई तिच्याशेजारी उकिडवी बसली. "चपला का घालंना गं तू? सांग की मला."

पोरगी पुटपुटली, "माझ्या चपलेनं मासे मेले."

त्या गार्डने बापाला सुनावलं होतं, पण ऐकलं तिने होतं. मंगळवारी जीप आली, शेजारी मासे मेल्याचं बोलले, आणि तिने आपल्या मनाने तपास पूर्ण केला: मासे आपण मारले आणि पप्पांना आपल्यामुळे नेलं. तीन दिवस ती हे एकटी घेऊन बसली होती. माझ्यापेक्षा तिचा तपास वाईट नव्हता. आम्हा दोघांची चूक एकच होती, फक्त तिचं वय पाच होतं.

गणवेशात मी खाली जमिनीवर बसलो. "तुझ्या चपलेनं नाही मेले. पाण्यात औषध जास्त झालं होतं. मी बघून आलोय."

"मग पप्पांना का नेलं?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही रविवारी गेला होता. सुट्टीला."

तिने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अगदी अडाण्याकडे पाहावं तसं.

"पप्पांना रविवारी कुठं सुट्टी असती?"

महिला शिपाईने तोंडाला रुमाल लावला. मला मात्र हसू आलं नाही. फिर्याद लिहिणारा हवालदार, चौकशी करणारा मी, एवढे कागद, आणि जे माहीत असायला हवं होतं ते खाटेच्या कोपऱ्यात बसलेल्या पोरीला माहीत होतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही जबाब बोलणाऱ्याच्या तोंडून वार आणि तारीख वदवून घेतल्याशिवाय लिहू दिला नाही. सुट्टी, काल, परवा, नेहमीची वेळ, असला शब्द आला की मी विचारायचो, तुमची की माझी? नवीन पोरं वैतागायची. वैतागू देत.

पोरगी खाटेखाली सरपटत गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आली. चपला तिने पायांत सरकवल्या त्या उलट्या, डावी उजव्या पायात. बाप दाखला बायकोच्या हातात देऊन खाली वाकला आणि त्याने त्या नीट घातल्या. मग ती माझ्याकडे न बघता सरळ बाहेर पळाली, उन्हात, जीप उभी होती त्या बाजूला.