बारा बटनांची जीप

हातात डबा दिसला, एवढ्यावरून तुम्ही एखाद्याला जाळपोळ करणारा ठरवाल? मी ठरवलं होतं. मुकुंदवाडीच्या स्टँडवर भर दुपारी जळालेली ती जीप अजून डोळ्यांसमोरून हटत नाही.

मी तेव्हा नवा फौजदार. जीपमालकाने फिर्याद दिली आणि खबऱ्याने लगेच नाव पुरवलं. पैठण रस्त्यावर दुसरी जीप चालवणारा एकजण आगीच्या थोडं आधी पेट्रोलचा वाटावा असा डबा घेऊन तिथून गेला होता. त्याचं आणि जीपमालकाचं प्रवाशांवरून रोज भांडण. मी त्याला उचलून आणलं.

"डब्यात काय होतं?"

"पाणी, साहेब. रेडिएटरला."

"सगळे पाणीच सांगतात."

"ऐकायचंच नाय तर इचारता कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं, मग हर्सूलचा तुरुंग ठरलेला. त्याची बायको ठाण्याबाहेरून हलायला तयार नव्हती. पंचनामा मी हवालदारावर सोडला होता. 'जीप पूर्ण जळाली' या वाक्याखाली न बघताच सही ठोकली होती! कोर्टात जाण्याआधी, उशिरा का होईना, मी जीप पाहायला गेलो. मागच्या सीटवर नुसती काजळी होती. डॅशबोर्ड मात्र खाक झाला होता. बॅटरीपासून निघालेल्या वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांच्या टोकाला घरातल्या दिव्यांची बटनं ठोकलेली, कोळसा झालेली फळी होती.

"हे कुणी बसवलं?" मी मालकाला विचारलं.

त्याची छाती फुगली. "मीच! बारा बटनं. टेप, पंखा, चार मोठे लाइट. मिस्त्री कशाला पायजे?"

"आणि फ्यूज?"

"एकच होता. सारखा उडायचा. मग सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाची चांदी गुंडाळली. तवापासून एकदा बी उडला नाय, साहेब!"

मी कपाळावर हात मारला. वायर तापण्याआधी फ्यूजने जळायचं असतं, म्हणजे गाडी वाचते. या शहाण्याने फ्यूजला जळूच दिलं नाही आणि वर जाळपोळीची फिर्याद दिली. वाहन तपासणाऱ्या तज्ज्ञानेही आगीचं कारण तेच लिहून दिलं.

संशयिताला सोडलं. दारात थांबून तो म्हणाला, "साहेब, बोनट उघडून बघायला किती वेळ लागला असता?"

 चिडून मी ठाण्याच्या जीपचं बोनट उघडलं. तिच्या फ्यूजलाही चांदीच गुंडाळलेली!

खबर म्हणजे पुरावा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. तुम्ही गाडीत स्वतः काही जोडलं असेल, तर आजच बोनट उघडा. बॅटरीतून तुम्ही काढलेल्या प्रत्येक वायरला, बॅटरीजवळच, योग्य क्षमतेचा फ्यूज आहे का बघा. चांदी सापडली तर ती काढून खरा फ्यूज बसवा आणि मगच गाडी रस्त्यावर आणा.