गिळलेली अर्धी गोळी

१९९३ साली परभणीच्या एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर आला, आणि तो चालवायला उमादेवीला बसवलं. जनावरांच्या औषधांची माहिती फाइलमध्ये नीटनेटकी लिहिणारा प्रोग्राम तिनंच तयार केला. माहितीच्या आधी टोकदार कंसात एक खूण, माहिती संपली की बंद करणारी दुसरी, आणि आतल्या ओळी थोड्या आत सरकवलेल्या. पडद्यावर फाइल पायऱ्यांसारखी दिसे. पत्रक छापताना कंस आणि त्यांच्या आतलं सगळं गाळून प्रोग्राम उरलेला मजकूर छापी.

एके दिवशी जंताच्या गोळीचं छापलेलं पत्रक वाचताना ती एका ओळीवर अडली. 'वासराचं वजन ५० किलो : एक गोळी.' बस, एवढंच. कार्यालयातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पन्नासपेक्षा कमी वजनाला अर्धी, जास्तीला एक. पण 'कमी' आणि 'जास्त' त्यांनी गणितातल्या खुणांनी लिहिलं होतं, आणि त्या खुणा म्हणजे तेच टोकदार कंस. दोन खुणांमधलं सगळं कंसातलं समजून प्रोग्रामनं अर्धी गोळी गिळून टाकली होती.

पत्रकं सकाळीच सोनपेठच्या जनावरांच्या शिबिराला गेली होती.

"साहेब, लहान वासराला पूर्ण गोळी दिली तर?" तिनं कार्यालयाचे प्रमुख तात्याराव यांना विचारलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "मरू शकतंय."

फोन लागेना, जीप दौऱ्यावर. उमादेवीनं एसटी धरली. गाडी थांब्याथांब्यावर थांबे आणि ती घड्याळ बघे.

शिबिरात आश्रुबा शिपाई पत्रक बघून गोळ्या देत होता.

"थांबा, पत्रक चुकलंय. लहान वासराला अर्धीच."

"बाकीची मोठी होती. पर त्याला आत्ताच दिली की," त्यानं लिंबाखाली बोट दाखवलं. तिथं मनकर्णाबाई नावाच्या शेतकरी बाईंचं वासरू पाय फाकून उभं होतं, तोंडातून लाळ गळत होती. बघता बघता ते खाली बसलं. शिबिरातल्या डॉक्टरांनी धावत येऊन सुई टोचली. "आता वाट बघायची," म्हणाले.

उमादेवी रडत तिथंच मातीत बसली.

"बाई, तुमी कामून रडायलाव?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"माझ्यामुळं झालं. मशीनमधी मीच चुकले."

मनकर्णाबाई वळून पदरानं वासराची लाळ पुसू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं उमादेवीला वाटलं.

दिवस कलताना वासरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि गाईच्या कासेला लागलं.

"वाचलं," मनकर्णाबाई दावं सोडत म्हणाल्या. "पर तुमच्या कागदाचा आता भरवसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी उमादेवीनं प्रोग्राम बदलला. फाइल लिहिण्याआधीच तो त्या खुणांच्या जागी 'पेक्षा कमी', 'पेक्षा जास्त' असे शब्द घाली. नवं पत्रक डॉक्टरांच्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. तरी साहेबांपुढं ठेवण्याआधी तिनं ते आणखी एकदा ताडून पाहिलं.