यशवंतरावानं पोळ्याला बैल सोडले

तलमडुगूकडच्या आमच्या गावात यशवंतरावाचं घर विचारलं, तर माणूस वर बोट दाखवतो. घराच्या स्लॅबवर लोखंडी सळया उभ्या आहेत. वरचा मजला यायचा होता. मजला आला नाही, सळया गंजल्या, आणि यशवंतरावाची बायको वच्छलाबाई आता त्यांना दोर बांधून त्यावर गोधड्या वाळवते.

यशवंतराव गाडीवान. कापूस भरला की आदिलाबादच्या मार्केटपर्यंत त्याचीच गाडी सगळ्यांत पुढं. ट्रॅक्टर आले, मागच्या गाड्या एकेक करून गळाल्या, तरी पुढची गाडी त्याचीच. कारण मागं कोणी उरलंच नव्हतं. तोंडाचा तिखट. माणसाला शिवी दिल्याशिवाय हाक मारायचा नाही, पण बैलाला पराणी टोचताना त्याला कोणी पाहिलं नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे झाले की झडती म्हणायचा मान त्याचा. झडती म्हणजे गळा फाडून म्हणायचं कवन. तो ते जागच्या जागी जोडायचा:

“नाल्याले पूल नाई, रस्त्याले वाक,
बैल म्हने धन्याले, आता तूच हाक!”

आणि पाटलापासून पोट्ट्यांपर्यंत सारे महादेवाच्या नावानं ओरडायचे.

मग एका हंगामात कापसाच्या गंजीवरून घसरला आणि खुबा मोडून बसला. आत पट्टी टाकली, टाके सुकले, पण चालणं उरलं ते खाटेपासून उंबऱ्यापर्यंत. पोरगा देवानंद जिनिंगमध्ये कामाला; त्याला बैलांमागं राहायला सवड नव्हती. जोडी विकली. बैल टेम्पोत चढत होते तेव्हा यशवंतराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोणाला विकली ते त्यानं विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

खाटेवर पडलेला गाडीवान घरच्यांना परवडत नाही. “कोंबडी घरात आली! च्या गार काऊन? दार कोनं उघडं ठेवलं?” दिवसभर हेच. शेवटी सून मयूरीनं उपाय काढला. मयूरी तेलुगू शाळेत शिकलेली, हुशार पोरगी. तिनं आपला कोपरा फुटलेला जुना फोन, त्यात एक खेळ लावून, सासऱ्याच्या हातात दिला.

“मामाजी, हे पाहा. हे तुमचं राज्य.”

“कोनतं?”

“हे खोपडं दिसून राह्यलं ना, तेच. त्याच्यावर बोट मारा, धान्य येते. धान्य साचलं का मानसं राहाले येतेत. मानसं आले का बैल घ्या, बैलायनं वावर वाढवा. असं वाढतच जाते.”

“अन् मी झोपलो तं?”

“तरी वाढते. फोन बंद केला तरी आतलं काम चालूच राह्यते.”

यशवंतरावाला ही गोष्ट भारी पटली. त्याची दाढी करायला लखन न्हावी घरी यायचा. गालाला साबण लावलेला असतानाच तो लखनला म्हणाला, “असं वावर देवानं काऊन नाई देल्लं बे आपल्याले?”

“देल्लं अस्तं तं तू झोपूनच राह्यला अस्ता,” लखन म्हणाला. “आताही झोपूनच हायेस म्हना.”

राज्य वाढलं. एका खोपड्याची, म्हणजे झोपडीची, आळी झाली, आळीचं गाव झालं, गावाला वेस आली. नांगराला जोड्या, मोटेला जोड्या, घाण्याला जोडी. धान्याचा आकडा कोटीच्या पुढं गेला, तसं खेळानं आकडे सोडून अक्षरं लिहायला घेतली. यशवंतरावाला ती कळत नव्हती. तो म्हणायचा, “उतू चाललं.”

घरातला आरडाओरडा थांबला. कोंबडी खुशाल खाटेखाली अंडी द्यायला लागली.

राज्याच्या उत्तरेला एक नदी होती. पलीकडची जमीन फिकट दिसायची, धुक्यातल्यासारखी. खेळ हिंदीत होता. नदीवर बोट ठेवलं की पाटी यायची: जल्द आ रहा है. देवळावर बोट ठेवलं, तीच पाटी. बाजारावर तीच. खेळ बनवणारा कोणी एकटाच माणूस होता म्हणे. काम अर्धं झालं आणि त्यानं तो लोकांत सोडून दिला.

“आपल्या नाल्यावरही हेच लिवा,” लखन म्हणाला. “पूल नाई तं नाई, पाटी तरी होईन.”

खेळाच्या पानावर गावोगावचे खेळणारे आपलं मत लिहायचे. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मयूरी ती मतं मराठी करून सासऱ्याला ऐकवायची. एकानं लिहिलं होतं, नदीपार उघडत नाही तोवर एकच चांदणी देईन. दुसऱ्यानं लिहिलं, खेळ चांगला आहे पण मालक झोपला. तिसरा तर म्हणे, बनवणारा मेला असेल तर घरच्यांनी कळवावं, आम्ही दुसरं राज्य पाहतो.

यशवंतराव उसळला. “घर बांधून राह्यलेल्या मानसाच्या दारात उभं राहून शिव्या देते का कोनी? विटा सरल्या असतीन त्याच्या!”

वच्छलाबाईनं वर, सळयांकडे पाहिलं. “तुमच्यावानी,” ती म्हणाली.

असं करता करता पोळा आला.

गावात बैल आता थोडेच उरलेत. आदल्या सांजेला शेजारी माणिकरावाच्या गोठ्यात खांदशेकणी चालली होती. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” खिडकीतून तो आवाज आला, लोण्याचा वासही आला. यशवंतराव खिडकीकडे कुशीला वळला. मग त्यानं फोन उशाखालून काढला.

खेळातल्या प्रत्येक जोडीखाली दोन खुणा होत्या, एक अधिकची, एक वजाची. वजाला त्यानं कधी हात लावला नव्हता. वाढत्या राज्यात वजाशी कोणाचं काय काम? आता त्यानं पहिल्या जोडीची वजा दाबली. बैल नांगरातून सुटले आणि टुकूटुकू चालत गोठ्यात जाऊन उभे राहिले. त्याला हसू फुटलं. मग दुसरी जोडी, तिसरी, मोटेची, घाण्याची. एकूण एक बैल सोडला.

मयूरीनं पाहिलं. “मामाजी, धान्य कमी होईन.”

“एक दिवस. पोळ्याले जू ठेवते का कोनी? परवा सकाळी जोडतो.”

पोळ्याच्या दिवशी त्यानं बायकोला सांगितलं, ठोंबरा शिजव. ठोंबरा म्हणजे शिजवलेली ज्वारी. त्या दिवशी बैलाला चारायची असते.

“खरे बैल इकले अन् खोट्यायले ठोंबरा!” वच्छलाबाई कडाडली. “फोनच्या तोंडात कोंबू का आता?”

पण शिजवला. पळसाच्या पानावर घासभर ठोंबरा खाटेजवळ ठेवला, फोनला कुंकवाचं बोट लावलं. तो घास पुढं लखननं खाल्ला. दुपारी तोरणाखाली बैल जमल्याचा गलका ऐकू आला आणि यशवंतरावानं खाटेवरूनच, खिडकीतून, झडती टाकली. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा. तिकडून लोकांनी गजर करून साथ दिली. त्या रात्री तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं पहिल्या जोडीची अधिकची खूण दाबली. पाटी आली: जल्द आ रहा है.

दुसरी जोडी दाबली. जल्द आ रहा है.

त्यानं मयूरीला हाक मारली. ती जुनी हाक होती, कोंबडी घरात आल्यावरची. मयूरीनं सगळीकडून दाबून पाहिलं आणि मग तिला उमगलं. खेळात नवा बैल विकत घेतला की तो जुंपलेलाच यायचा. सोडायची खूण बनवणाऱ्यानं केली होती, पुन्हा जुंपायची नुसतीच काढून ठेवली होती. कामावरचा बैल कोणी सोडेल हे त्याच्या ध्यानातच आलं नसेल. नवे बैल घ्यावे तर उत्तर येई, गोठा भरला आहे.

आणि खेळातल्या गावातली माणसं जेवत होती. धान्याचा आकडा डोळ्यांदेखत उतरत होता.

“बंद कर फोन,” यशवंतराव म्हणाला.

“बंद केला तरी आतलं चालूच राह्यते, मामाजी.”

मग बोटानं धान्य आणायला सुरुवात झाली. सुरुवातीला खोपडं एकच होतं तेव्हा बोट मारलं की मूठभर यायचं. अजूनही मूठभरच येत होतं. खाणारं मात्र अख्खं राज्य झालं होतं. यशवंतराव थकला की मयूरी मारी, मयूरी स्वयंपाकाला गेली की वच्छलाबाई शिव्या देत देत मारी. लखननं वस्तरा ठेवून हातभार लावला. “चाळनीनं नाला उपसून राह्यलो आपन,” तो म्हणाला, पण थांबला नाही.

देवानंद कामावरून आला. पाहिलं, ऐकलं, चप्पल काढता काढता म्हणाला, “पुसून टाका अन् नव्यानं लावा. दोन महिन्यांत होते पुन्हा.”

“अन् या लोकायले काय सांगू?”

“कोनते लोक, बाबा? चितरं हायेत ते.”

“चितरं हायेत तं खातेत काऊन?”

देवानंद मोरीकडे हातपाय धुवायला गेला.

शेवटी यशवंतरावानं ठरवलं, मत लिहायचं. त्याला मत म्हणजे दरख्वास्त वाटली. तहसिलीत देतात तशी त्यानं ती सांगितली: मेहेरबान साहेब, आमी आदिलाबादकडचे. पोळ्याले आमच्याकडे बैलाले जुंपत नाईत, म्हनून सोडले. आता जुंपता येऊन नाई राह्यले. मानसं उपाशी हायेत. नदीपार कधी बी करा, घाई नाई. पैले जुंपाचं करा.

मयूरीनं हे हिंदीत लिहिलं. “चांदण्या किती देऊ?”

“पाचही दे. मागाले गेल्यावर हात आखडते का कोनी?”

मतावर मतं आली. मयूरी वाचायची, तिखट असेल ते गाळायची. पण यशवंतरावाला गाळलेलं कळायचं. “मंधात थांबली काऊन? वाच.” मग ती वाचायची. कोणी हसलं होतं, बैल कोण सोडतं काका. कोणी लिहिलं, आमच्याकडेही बैलांचा सण असतो, पण फोनमध्ये कोणी करत नाही. चार-दोघांनी खरं की खोटं पाहायला आपलेही बैल सोडले, ते अडकले, आणि मग आदिलाबादच्या म्हाताऱ्यानं आमचं राज्य बुडवलं म्हणून त्यांनी याच्याच नावानं बोटं मोडली. त्यांना लखननं उत्तर द्यायला सांगितलं, “म्हनावं, मेंढरं हा का बे तुमी?” मयूरीनं ते लिहिलं नाही.

मग एका दुपारी खुद्द बनवणाऱ्याचं उत्तर आलं. माणूस भला असावा. त्यानं माफी मागितली होती. लिहिलं होतं, बैल सोडणारे तुम्ही पहिलेच. मी शहरातला, मला हे सुचलंच नाही. दिवसा नोकरी करतो, उरलेल्या वेळात हे काम. जुंपायची सोय नक्की करीन.

“कधी म्हनते?”

मयूरीनं फोन पुढं केला. वाचायची गरज नव्हती. ‘जल्द’ हा शब्द आता यशवंतरावाला नुसता आकारानं ओळखू यायचा.

“मंग?” लखननं विचारलं. “आता देशीन का शिवी?”

“कोनाले?” यशवंतराव म्हणाला. “त्याची चुकी नाई, माही बी नाई.” फोन उशाखाली सारत म्हणाला, “चुकी अस्ती तं बरं झालं अस्तं.”

पुढं कापूस फुटला. गाव वावरात गेलं आणि यशवंतराव घरी फोनसमोर एकटा राहिला. धान्य सरलं. खेळातली माणसं मरत नव्हती, एवढं बनवणाऱ्यानं बरं केलं होतं. ती डोक्यावर गाठोडं घेऊन वेशीतून निघायची आणि फोनच्या डाव्या कडेला नाहीशी व्हायची. आधी वेशीजवळची घरं रिकामी झाली, मग मधली आळी. यशवंतराव बोट मारत राहायचा. मूठभर यायचं, तेवढ्यात कोणी निघून गेलेलं असायचं. शेवटी पहिल्या खोपड्यातलं माणूसही गाठोडं उचलून गेलं.

बैल मात्र गोठ्यात तसेच. त्यांना भूक घालायची बनवणाऱ्याकडून राहून गेली होती. गुबगुबीत, रवंथ करत उभे.

कापसाची शेवटची वेचणी चालली होती तेव्हा मयूरी वावरातून आली आणि पदरातल्या बोंडांसकट खाटेजवळ बसली. तिनं आपल्या फोनवर खेळाचं पान पाहिलं होतं. “मामाजी, आलं! नवं आलं! जुंपाचं केलं त्यानं!”

यशवंतराव उठून बसला. अधिकची खूण आता हिरवी झाली होती. त्यानं बोट सदऱ्याला पुसलं आणि दाबलं. पाटी आली, ही नवी होती. मयूरीनं ती मनाशी वाचली.

“काय म्हनते?”

“म्हनते... जुंपाले मानूस पायजे.”

यशवंतरावानं फोन डोळ्यांजवळ नेला. ओस गाव, उघडी दारं, नदीपार तेच धुकं. बोटानं मूठभर धान्य आणलं. पण जिथं बैल रिकामे उभे आहेत त्या गावात माणसं येत नाहीत, असं खेळ म्हणाला. मयूरीनं इकडं दाबलं, तिकडं दाबलं. तिचे डोळे भरले. यशवंतरावाचे भरले नाहीत.

“मी लिवते त्याले,” ती म्हणाली. “चांदण्या कमी करते.”

“राहू दे. जुंपाचं म्हनलं, त्यानं जुंपाचं केलं.”

वच्छलाबाई मागं येऊन उभी राहिली होती.

“मयूरी,” यशवंतराव म्हणाला, “त्यायचं दावं तरी सोडता येते का, पाय बरं. उभ्यानं किती राह्यतीन? जातीन कुठी चराले.”

मयूरीनं एका बैलावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर ठेवलं. पाटी आली नाही. काहीच आलं नाही. बैल रवंथ करत राहिले.

बाहेर कोंबडी ओरडली आणि आत आली. तिला कोणी हाकललं नाही.