गादीवालीची कानतपासणी

पुलाचा चढ संपला तरी गादीवालीने उन्हाची बाजू सोडली नाही. पलीकडे सावली आहे, तिकडून चल, अशी खूण अर्जवाल्या बाईंनी दोनदा केली. तिने मान हलवली.

"पाठीवर ऊन असू दे, बाई. मागून कुणी आलं की त्याची सावली आधी माझ्या पायापुढे येते."

बाई कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत. गादीवाली त्यांची शेजारीण. गाद्यांना टाके घालून घालून तिची बोटं दाभणासारखी झालेली. बसथांब्यावर नवऱ्याचे दोस्त बसतात, म्हणून दोघी दवाखान्याला पायीच निघाल्या होत्या. निम्मी वाट झाली होती.

नवरा गॅरेजमध्ये काम करायचा. तिथे गाड्यांचे पोचे काढायचा आणि घरी येऊन पाडायचा. दार उशिरा उघडलं म्हणून तिचा उजवा कान गेला. मग ऐकू कमी यायला लागलं, ती सारखी 'काय?' विचारायची. त्या 'काय'पायी डावाही गेला.

सरकार यंत्र फुकट देतं, बॅटऱ्या देतं, कानाचा साचाही करून देतं. कान चाळीस टक्क्यांच्या वर गेलाय असं तपासणीत दिसलं की झालं. बाईंनी तिचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला होता. पण गेल्या महिन्यात तपासणीच्या कागदावर आले फक्त बारा. अर्ज परत!

बाई तेव्हा तिच्यावर भडकल्याच होत्या. "अगं, कानाशी ताट आपटलं तरी तू ढिम्म. तिथे बरं सगळं ऐकू आलं?"

ओठ वाचून ती म्हणाली, "ऐकू कुठलं येतंय! आवाज आला की बटण दाबा, तपासणीच्या मॅडम म्हणाल्या. काचेपलीकडे त्यांचा खांदा दिसत होता. खांदा हलला की दाबलं."

"असं का केलंस?"

"घरी खांदा हलला की पुढचं येतंच ना."

बाईंना पुढे रागावता आलं नाही. खटपट करून त्यांनी फेरतपासणी मिळवली. तारीख आजची, आणि यंत्रांची यंदाची यादी आजच बंद होणार होती.

"मिळालं यंत्र, तर पहिल्यांदा माझ्या शिव्या ऐक," बाई चालता चालता तिच्याकडे तोंड करून म्हणाल्या.

ती हसली. "गप्पांसाठी नकोय हो मला. दाराची कडी वाजलेली कळली पाहिजे. मागून आलेला कळला पाहिजे. डोळे काय, पुढेच असतात."

गोदामांच्या रांगेपाशी रस्ता वळला. उंच भिंतींची सावली रस्ताभर पसरलेली. तिथे दुसरी सावली उमटेना.

मागे सायकल आपटल्याचा आवाज बाईंना आला. त्या वळल्या. नवरा! हातात पत्रा ठोकायचा लाकडी हातोडा.

"मागे बघ!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. जिला ऐकू येत नाही तिलाच ओरडल्या.

हातोडा तिच्या खांद्यावर बसला. ती तोंडावर पडली, हनुवटी फुटली. "सरकारी कागदावर माझी अब्रू टांगतेस?" म्हणत त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. ती आवाज न करता पोटाशी पाय घेऊन पडली होती, रोजच्या सवयीने.

देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या बाईंनी पिशवीतला भरलेला स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या नाकावर हाणला. हाड वाजलं. "देवा, क्षमा कर," त्या म्हणाल्या आणि परत हाणला. डब्याचं झाकण उडालं, भात रस्त्यावर सांडला, त्यावर त्याचं रक्त ठिबकलं. तो बाईंच्या अंगावर आला तोच गोदामातले हमाल धावले. त्यांनी त्याला भिंतीशी दाबलं आणि बुकलून काढलं.

"काकू, तुम्ही व्हा पुढे. ह्याला आम्ही बसवतो," एक हमाल म्हणाला.

बाईंनी पदराने तिची हनुवटी दाबून धरली. "आधी पोलिसात चल."

"आधी कान," ती उठत म्हणाली. "पोलीस काय विचारतात ते तरी मला कळू दे."

दवाखान्यात तपासणीच्या मॅडमनी तिच्या जखमेवर कापूस चिकटवला. मागच्या वेळी खांदा बघून बटण दाबल्याची गोष्ट बाईंनी त्यांना आधीच सांगितली. मॅडमनी खुर्ची काचेकडून भिंतीकडे फिरवली, तिच्या कानांवर तपासणीचे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे गेल्या.

गादीवाली वळून बघू लागली. मॅडम परत आत आल्या, तिला नीट बसवलं. ती पुन्हा वळली.

"मावशी, असं वळलात तर तपासणी धरता येणार नाही. डोळे मिटा," मॅडमनी समोर येऊन, हाताने दाखवून सांगितलं.

तिने मिटले. पापण्या थरथरल्या, उघडल्या. तिने परत घट्ट मिटले, तरी मान आपोआप मागे गेली. मॅडम घड्याळ बघून बाईंना म्हणाल्या, "बाहेर अजून सात जण आहेत, ताई. एकदाच आणखी बघते. नाही जमलं तर पुढच्या वर्षी या."

बाईंनी ते शब्द तिच्या तोंडासमोर सावकाश परत उच्चारले. पुढचं वर्ष! तिने बाईंचं मनगट पकडलं. त्या हातावर तिच्या नवऱ्याचं रक्त अजून वाळत होतं.

"बाई, माझे डोळे मिटलेले राहत नाहीत हो," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा आणि दोन्ही हातांनी झाकून धरा. मी झटकले, बोचकारलं, तरी सोडू नका."