साखळीबाईंची उजळणी

माझ्या धाकट्या बहिणीला सारी शाळा साखळीबाई म्हणायची. परीक्षेआधीची सातवीच्या गणिताची उजळणी ती पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर घ्यायची. प्रत्येक मुलाकडे एक पत्ता. वर एक उत्तर, खाली एक प्रश्न. पहिला उठून म्हणणार, "माझ्याकडे बारा. बाराचे तीन चतुर्थांश कोणाकडे?" कोपऱ्यातून दुसरा उठणार, "माझ्याकडे नऊ. नवाचा वर्ग कोणाकडे?" असं वर्गभर फिरत शेवटचा प्रश्न पुन्हा बारावर आला की साखळी जुळली. एकाचं चुकलं की सगळ्यांचं अडलं, म्हणून मुलं कान टवकारून बसत. मी आयुष्यभर रंगमंचावर वावरलो, पण इतके जागे प्रेक्षक मला फार थोड्या प्रयोगांत लाभले.

वजाबाकीसाठी वर्गाच्या फरशीवर खडूची लांब रेघ असायची. मधोमध शून्य, खिडकीकडे अधिक, दाराकडे उणे. मुलांनी खिडकीकडे तोंड करून त्या रेघेवर चालायचं. नियम दोनच. वजा म्हटलं की तोंड फिरवायचं, आकडा उणे असला की पाय मागे टाकायचे. एक बारकीशी मुलगी वजा ऐकताच अशी गरकन वळायची की तिचं नावच भिंगरी पडलं.

पत्ते कापायचं काम माझं. मला अपूर्णांक कळायच्या आत नाटकाने उचललं, त्यामुळे माझ्याकडून चुकीची भीती नव्हती. मी नुसता पुठ्ठा कापायचो. ती स्केचपेनने त्यावर मोत्यासारखे आकडे काढायची.

मग ती विसरू लागली. आधी दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं. त्यावर आम्ही दोघंही पोट धरून हसलो. नंतर शेजारणीचं नाव गेलं, घराकडचं वळण गेलं. वाक्य विसरलेल्या नटाचे डोळे आधी विंगेकडे जातात. तिचे डोळे माझ्याकडे येऊ लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे बरं होणारं दुखणं नाही.

तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. तिच्याकडे उरला होता तो वर्ग. फळ्यावर गणित सोडवताना ती अडखळते, अशा तक्रारी पालकांनी केल्या होत्या. मुख्याध्यापिकेने, म्हणजे शाळेतल्या मोठ्या बाईंनी, तिला सांगितलं, "मी एक तास येऊन बसते. नीट झाला तर निवृत्तीपर्यंत सातवी तुमची. नाहीतर तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

घरी येऊन ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू मागच्या बाकावर बस."

"मी काय करू तिथे? गणितात मला सात वेळा सातही घाम फोडतात."

"अडले तर खोक. मी समजेन की थांबलेय."

मी म्हटलं, "खोकायला सांगू नकोस. खोकण्याचा अभिनय माझा नेहमीच जास्त व्हायचा." ती हसली आणि पत्ते लिहायला बसली.

त्या दिवशी मोठ्या बाई खिडकीशी बसल्या. त्या इतिहास शिकवायच्या. पत्ते वाचले जात असताना त्या उत्तरांकडे नाही, मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहत होत्या. साखळी झकास चालली होती. एका मुलाने वाचलं, "माझ्याकडे उणे आठ. त्यातून उणे तीन वजा केले तर कोणाकडे?"

कोणी उठलं नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण खोकला काही येईना. प्रयोगात अशी शांतता पडली की खुर्च्यांचे आवाज ऐकू येतात. तसे बाक करकरले.

मग भिंगरी उठली. "माझ्याकडे उणे अकरा," ती ठणठणीत आवाजात म्हणाली आणि तिने पुढचा प्रश्न वाचला. साखळी सरकली, फिरली, बारावर येऊन जुळली. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वर्ग तुमचाच आहे, बाई," असं म्हणून त्या गेल्या.

मला वाटलं, जिंकलो. पण बहीण रेघेकडे बघत उभी होती. तिचे पाय काहीतरी आठवत असावेत.

"भिंगरे, उणे आठवर उभी राहा."

मुलगी मान खाली घालून रेघेवर गेली.

"आता उणे तीन वजा कर."

भिंगरीने तोंड फिरवलं. मग पाय मागे टाकले. एक, दोन, तीन. ती उणे पाचवर उभी होती.

"मग अकरा का म्हणालीस?"

"नाहीतर साखळी तुटली असती, बाई."

"आज पहिल्यांदा म्हणालीस?"

भिंगरी पायाने खडूची रेघ पुसू लागली. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "आम्ही सगळेच म्हणतो, बाई. दिवाळखोर पत्ता कोणाकडे आलाय ते आधीच बघून ठेवतो." बाईंनी चुकीचं उत्तर लिहिलेल्या पत्त्याला त्यांनी नावही ठेवलं होतं.

माझी बहीण खुर्चीवर बसली. म्हणाली, "म्हणजे चुकीला बरोबर म्हणायला मी शिकवलं." तिने भिंगरीला जवळ बोलावलं. "मला वचन दे. माझ्यासमोर चुकीचं उत्तर कधी चालवून घ्यायचं नाही. मी कितीही रागावले तरी." मुलीने मान हलवली. ती रडत होती.

मी दारात आडवा आलो. "अगं, वर्ग मिळालाय तुला. दोनच वर्षं उरलीत. मुलं सांभाळून घेतायत ना?"

"म्हणूनच जाते, दादा," ती म्हणाली आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालू लागली. जिना कुठल्या बाजूला, ते मला सांगावं लागलं.

ग्रंथालयातही ती फार टिकली नाही. आता घरी असते. माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही. पत्ते मात्र रोज लागतात. मी पुठ्ठा कापतो, ती लिहिते. आकडे अजून मोत्यासारखे आहेत.

भिंगरी आता नववीत आहे. सुटीच्या दिवशी ती येते आणि आम्ही तिघं पत्ते वाटून घेतो. उणे आठचा प्रश्न आला की मी उत्साहाने माझा पत्ता उचलतो, उणे अकरा. एवढी भूमिका मला आजही जमली असती.

पण ती मुलगी माझा हात खाली करते. "बाई, साखळी तुटली."

बहीण चिडते. "कोण गं तू? कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

मग बहीण गोंधळते, तो पत्ता टराटरा फाडते आणि नवा पुठ्ठा मागते. मी देतो. ती जीभ दातांत धरून सावकाश लिहिते, शाई वाळेपर्यंत फुंकर घालते आणि पत्ता मुलीपुढे ठेवते.

भिंगरी वाचते. तिचा आवाज बारीक होतो.

"पुन्हा तुटली, बाई."