लाथ आणि नमस्कार

पन्नाशी ओलांडल्यावर मला आयुष्यातली पहिली लाथ बसली, आणि जिने ती मारली तिने लगेच वाकून मला नमस्कार केला. तेव्हा जे डोकं तापलं ते आठवणीनेही तापतं.

इंदिरानगरात आमच्या घरामागे पिठाच्या गिरणीवर एक हॉल आहे. तिथे संध्याकाळी कुंग फू शिकवतात. माझी साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. मी चालले. पण चालताना बायका भेटतात, मग कुणाच्या सुनेनं काय केलं ते कळतं, आणि साखर जिथल्या तिथे राहते. योगाच्या वर्गात मी शवासनात घोरले. मग एकदा त्या हॉलमधून आरोळ्या ऐकू आल्या आणि वाटलं, हे आपलं काम. ओरडायची मला लहानपणापासून हौस, आणि इथे तर ते शिकवत होते.

पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या. एकीने छातीशी पॅड धरायचं, दुसरीने त्यावर लाथ मारायची. माझ्या वाट्याला दिंडोरीकडची, वायनरीत नोकरी करणारी एक काटक मुलगी आली. तिने पाय पॅडला जेमतेम टेकवला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार. मोठ्या माणसाला पाय लागला की आपला हात आपोआप खाली जातो, हे मला का ठाऊक नाही? माझ्या मुलांना मीच ते शिकवलंय. पण लाथांच्या वर्गात? तिचा व्यायाम दुप्पट होत होता आणि मी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी ढिम्म उभी.

जोडीदार बदलले तरी तेच. सर तिशीतले, बाकीच्यांवर सतत खेकसणारे. माझ्यापाशी आले की आवाजात साय. पाय गुडघ्याच्या वर गेला नाही तरी "छान, काकू." तोल जाऊन भिंत धरली तरी छान. घोड्यावर बसल्यासारखं, मांड्या थरथरेपर्यंत उभं राहायचं असतं, तेव्हा माझ्यासाठी खुर्ची यायची. या आदराने मी आतून उकळत होते. अपमान केला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग एका शुक्रवारी सरांनी जाहीर केलं की सोमवारपासून मोठ्यांची वेगळी बॅच, सकाळची. मुलांना संकोच होतो, म्हणाले, आणि तुम्हालाही बरं पडेल.

"तिथे लाथ आहे?" मी विचारलं.

"नाही काकू. तिथे श्वास आहे."

"श्वास मी घरी घेते."

सगळे हसले. मला हसू येत नव्हतं. त्या बॅचला एकदा गेले की मी कायमची म्हातारी, तिथून परत कोणी पाठवत नाही. मी सांगितलं की आत्ता कोणीतरी मला खरी लाथ मारू दे. मी पडले तर सकाळी येईन, उभी राहिले तर इथेच. सर लगेच कबूल झाले. कोणी मारणारच नाही याची त्यांना खात्री होती.

मी पॅड घेऊन त्या दिंडोरीकडच्या मुलीसमोर उभी राहिले.

"नाय जमणार, काकू. माझी आई तुमच्याच वयाची. तिच्याकडे पाय करून मी झोपत पण नाय."

"आईवर चिडत नाहीस?"

"चिडते ना. लय चिडते."

कशावरून, ते तिने हळू आवाजात सांगितलं. रविवारी तिला बघायला मुलगा येणार होता आणि आईने तिला न विचारताच होकार कळवला होता. मी आवाज शक्य तितका मधाळ केला.

"येऊ दे गं. आईला जास्त कळतं."

ती लाथ दिसलीच नाही. मी पॅडसकट मागे गेले, चपलांच्या रॅकवर आदळले, दोन-तीन जोड खाली आले. पण मी पायांवर होते. मुलगी मुठी आवळून धापा टाकत होती, वाकायचं तिला सुचलंही नाही. सर धावत आले. मला वाटलं, आता धरून बसवणार.

"गुडघे ताठ का ठेवले?" ते खेकसले. "सांगितलं होतं ना वाकवायला?"

"वाकवले होते," मीही तितक्याच जोरात म्हटलं. छाती ठणकत होती आणि मला विलक्षण बरं वाटत होतं.

"नव्हते वाकवले, काकू," ती मुलगी म्हणाली.

आता माझी पाळी म्हणत मी पॅड तिच्या हातात कोंबलं आणि तिला मागे सरकून उभं राहायला सांगितलं.