खिमटाचा बर्फ

आमच्या आत्याबाईंचं आणि फ्रिजचं पहिल्या दिवसापासून वाकडं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. चितेगावच्या पुढं शेती, सगळा जन्म मळ्यात गेलेला. नात सांभाळायला म्हणून शहरात, छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या आणि आल्या आल्या फ्रिज उघडून आत डोकावल्या. “हे काय, शिळ्याचं कपाट हाय का?” असं म्हणून दार धाडकन लावलं.

मला राग लवकर येतो, आजही येतो. त्यात तेव्हा गल्लीत फ्रिज एकट्या आमच्याकडं, त्याचा तोरा वेगळाच. मी फणकाऱ्यानं म्हटलं, “शिळं होऊ नये म्हणूनच असतं ते, आत्याबाई.”

“व्हय? मग दवाखान्यात मेलेलं माणूस बर्फावर ठेवत्यात, ते काय ताजं ऱ्हातं का?”

कपाळ माझं!

पण हा वाद नुसता तोंडाचा नव्हता. माझी शाळेतली रजा संपत आली होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली की मास्तरीणबाईंनी हजर व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. लेकीचं उष्टावण झालेलं, वरचं खाणं सुरू झालेलं. दुपारचं तिला कुणीतरी भरवायला हवं होतं. आणि पोरगी रांगायला लागलेली. जिथं जाळ तिथं ती हजर. एकट्या माणसानं तिला आवरत तासभर स्टोपुढं बसायचं म्हणजे जिवाला घोर. म्हणून मी ठरवलं की खिमट आधीच शिजवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं. दुपारी आत्याबाईंनी दोन तुकडे काढायचे, वाफ येईपर्यंत उकळायचे, कोमट करून भरवायचे. शाळेतल्या एका बाईंनी ही युक्ती सांगितली होती. मी तर हरखूनच गेले होते.

आत्याबाई म्हणाल्या, “मी न्हाई बर्फातलं शिळं माझ्या नातीला चारणार. नोकरी सोड.”

झालं! घरात दोन बायका आणि मधे एक फ्रिज. नवरा पेपरात तोंड खुपसून बसायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, “तुमचं तुम्ही बघा.” मी चिडून दुप्पट जोरानं कामाला लागले. मूगडाळ-तांदूळ धुऊन, वाळवून, भाजून भरड काढली. ट्रे उकळत्या पाण्यानं धुतले. खिमट शिजलं की पातेलं परातीत माठाच्या गार पाण्यात ठेवून लगेच निववायचं, उघडं पडू द्यायचं नाही. गोठलं की तुकडे झाकणाच्या डब्यात. जुना डबा वर, नवा खाली. लाइट जाऊन मऊ पडलं तर पुन्हा गोठवायचं नाही, सरळ टाकून द्यायचं. हे सगळं मी मोठ्या आवाजात, त्यांना ऐकू जाईल असं करायचे. “आणि वाटीत उरलेलं परत डब्यात घालायचं नाही,” असं एकदा म्हटलं, तर खेकसल्याच. “ते मला शिकवती का गं? उष्टं कवा कुणी परत भांड्यात घालतं व्हय?” तेवढ्या एका कलमावर आमचं एकमत होतं.

तेव्हा ऐन उन्हाळ्यात रमजान आला होता. भिंतीला भिंत लागून खालांचं घर. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. खाला आणि आत्याबाई यांची महिनाभरात अशी गट्टी जमली की विचारू नका. एक दख्खनी बोलायची, एक मळ्यातलं मराठी, आणि दोघींचं चाललेलं असायचं तासन् तास. संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी खालांकडून भज्यांची वाटी यायची. आणि आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा आत्याबाईंचा कडक नेम.

एका संध्याकाळी मी लेकीला अंघोळ घालत होते. नेमकी लाइट गेलेली. भजी आली. वाटीत घालायला घरात गूळ नाही, शेंगदाणे नाहीत. आत्याबाईंना सुचलं की खालांना बर्फ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातानं फ्रिजचा वरचा कप्पा उघडला, चाचपून हाताला लागला तो डबा काढला, पांढरेपांढरे तुकडे वाटीत भरले आणि भिंतीवरून दिली वाटी.

थोड्या वेळानं खाला हातात पेला घेऊन दारात उभ्या. हसून हसून पदर तोंडात.

“अगे बहू, ये कैसा बरफ है गे? घुलताच नई, गाढा होताय! हमारे मियाँ बोले, शरबत में खिचडी कायकू डाले?”

मी पेला दिव्याजवळ धरला. गुलाबी सरबतात माझं खिमट! मला असं हसू फुटलं की लेक हातातून निसटायची राहिली. आत्याबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. “रोज्याच्या माणसाच्या पोटात शिळं गेलं गं माझ्या हातानं! आंबलं हुतं का? वास येत हुता का?”

“कब की थी?” खालांनी मला विचारलं.

“परवाची.”

“परसों की? नई गे अम्मा! अब्बी चूल्हे से उतरी सो लगती. मियाँ चमचे से खा लिए.”

आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. खाला शपथ घेऊन गेल्या तरी त्या पाटावर तशाच बसून राहिल्या. मी म्हटलं, “आत्याबाई, एवढं काय मनाला लावून घेता?”

तेव्हा त्या बोलल्या. “माझा पैला ल्योक असाच रांगता हुता. उन्हाळ्याचं दिस. त्याला घिऊन कामाला गेले. सकाळी पेज शिजवली, वाटीत झाकून बांधावरच्या झाडाखाली ठिवली, दुपारी पाजली. रातच्याला हगवण लागली. वाचला न्हाई.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “शिळी नव्हती गं ती पेज. सकाळचीच हुती.”

माझा सगळा फणकारा उतरला. इतके दिवस मी ज्यांच्याशी भांडत होते त्या हट्टी नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. मी त्यांचा हात धरला आणि रडले. मग म्हटलं, “अन्न नुसत्या दिवसांनी बिघडत नाही, उन्हानंही बिघडतं, आत्याबाई. अन्नापर्यंत ऊन पोचू नये म्हणून तर हे कपाट.” दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक पोर फ्रिजमध्ये गजरा ठेवायला आली तर तिला दारातूनच पिटाळलं. “सारखं उघडू नगं! आत लेकराचं हाय!”

शाळा उघडली. पहिल्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष कसलं! शेवटची घंटा झाली तशी घराकडं पळतच सुटले. लेक पोट वर करून गाढ झोपलेली, वाटी धुऊन पालथी घातलेली.

“खाल्लं का हो तिनं?”

“चाटूनपुसून खाल्लं. जरा उशीर झाला पण.”

“का?”

“तू गेली तसे दोन तुकडे उकळून आधी मी खाल्ले. मग बसले वाट बघत. दुपार झाली, मला काय झालं न्हाई, मग दिलं तिला.”

“अन् तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?”

“झालं असतं तर झालं असतं. माझं काय ऱ्हायलंय आता?” त्या सहज म्हणाल्या आणि लेकीच्या तोंडावरची माशी हाकलली. “उद्या बी मीच आधी खाणार. तुला चालंल का न्हाई ते सांग.”

त्या रविवारी खिमट करताना मी भरड जास्तीची घेतली आणि त्याच पातेल्यातून आत्याबाईंसाठी वेगळा ट्रे भरला, थोडं मीठ-जिरं घालून.